पुस्तक सध्या कुणाकडे आहे?

माटुंगा पूर्वेला चालताना रस्त्यांच्या पाट्या वाचत गेलं, तर एखाद्या जुन्या वाचनालयाची सभासदांची यादी वाचतोय असं वाटतं. तेलंग रोड, भांडारकर रोड, भाऊ दाजी रोड, चंदावरकर रोड. काशीनाथ त्र्यंबक तेलंगांनी भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं, ते मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत १८८२ साली निघालं. भाऊ दाजी लाड डॉक्टरकी सांभाळून शिलालेख आणि ताम्रपट वाचत. भांडारकरांबद्दल मराठी वाचकाला काही सांगायला नको. हे सगळे रस्ते झाले ते प्लेगमुळे. १८९६च्या साथीनं दक्षिण मुंबईतल्या दाटीच्या वस्त्यांची दैना केली, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढच्या काही दशकांत शेतं, वाड्या, खाजणं होती तिथे दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी राहिली.

त्याच साली, १ ऑगस्ट १८९८ रोजी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. आणि त्याच साली कृष्णराव अर्जुन केळुसकरांचं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र निघालं. या तिसऱ्या गोष्टीची हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. केळुसकर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे रोज पुस्तक घेऊन बसणारा एक शाळकरी मुलगा त्यांना दिसे. त्यांनी त्याची चौकशी केली, काय वाचतोय ते पाहिलं, पुस्तकं देऊ लागले. पुढे त्या मुलाच्या सत्कारात त्यांनी आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९३०नंतरच्या वर्षांत बाबासाहेबांनी घर बांधलं ते आमच्या शेजारी, हिंदू कॉलनीत. राजगृहाचा आराखडा माणसांइतकाच ग्रंथांचा विचार करून झाला होता. बागेतल्या बाकावर एका शिक्षकानं परक्या मुलाच्या हातातल्या पुस्तकात डोकावून पाहिलं, तिथून निघालेली वाट राजगृहापर्यंत येते आणि पुढे १९५६च्या दीक्षाभूमीपर्यंत जाते. दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक पाहण्याची ही सवय साधी समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

गिरगाव सोडून इकडे राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना हवा आणि उजेड मिळाला, पण पुस्तकं गिरगावातच राहिली. मौज खटाववाडीत, बॉम्बे बुक डेपो गिरगावात, मॅजेस्टिक सिनेमाचं नाव घेतलेला मॅजेस्टिक बुक स्टॉलही तिकडेच. माटुंग्यात मराठी पुस्तक म्हणजे कोणीतरी मुद्दाम जाऊन आणलेली वस्तू. त्यात पगार बेताचे. आमचे वडील रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये कारकून होते; विकत घेतलेली पुस्तकं आमच्या घरात एका फळीवर मावत. म्हणून आमच्या इमारतीत ‘काय वाचताय?’ हा प्रश्न क्वचित ऐकू यायचा. ‘ते पुस्तक सध्या कुणाकडे आहे?’ असं विचारलं जायचं. कोण काय वाचतंय हे त्या उत्तरातच कळे.

शनिवारी संध्याकाळी वडील ‘पुस्तक बदलायला’ जात. मराठी घरांतला हा खास शब्दप्रयोग. कधी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, शारदा सिनेमाच्या बाजूला. कधी जवळच्या खासगी सर्क्युलेटिंग लायब्ररीत. तिथे अनामत ठेवायची, महिन्याची वर्गणी भरायची, एक पुस्तक आणि एक मासिक आणायचं. नव्या कादंबरीला नंबर लावावा लागे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली, तिला आमच्याकडे नंबर लागायला कित्येक आठवडे गेले, आणि ते आठवडे आई जिन्यात भेटेल त्याला विचारत होती की पुढे आहे कोण. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे असं कळलं, तेव्हा आईनं त्यांच्याकडे तगादा लावला नाही. दोन दिवस त्यांच्या धाकट्याला सांभाळायला आपल्या घरी आणलं. पुस्तक लवकर सुटलं.

लायब्ररीच्या पुस्तकांत वाचकांचे शेरे असत. पेन्सिलनं, समासात. ‘खरे आहे’, ‘लेखकास मुंबई ठाऊक नाही’, ‘पान ११२ नंतर कंटाळा’. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक महाभाग आमच्या वाचनालयात होता. तो कोण, हे शेवटपर्यंत सापडलं नाही. समासात लिहू नये, हा नियम मी पुढे आयुष्यभर लोकांना सांगितला. तरीही त्या शेऱ्यांमुळे अनोळखी माणसाचं मत आमच्या घरात येई, हे नाकारता येत नाही.

दिवाळीची व्यवस्था वेगळी. मराठीतली दिवाळी अंकाची प्रथा १९०९ सालची, काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ची. एवढ्या अंकांपैकी प्रत्येक घराला एखादाच परवडे. म्हणून आमच्या इमारतीतली सहा मराठी बिऱ्हाडं आधी ठरवून वेगवेगळे अंक घेत. ‘मौज’ एकाकडे, ‘दीपावली’ दुसऱ्याकडे, ‘हंस’, ‘किर्लोस्कर’, ‘वसंत’, आणि एकानं ‘आवाज’ घ्यायचाच, नाहीतर पोरं गप्प बसत नसत. वेळापत्रक वडिलांकडे. वर्कशॉपच्या वहीसारखी त्यांनी एक वही आखली होती. डावीकडे अंकांची नावं, वर बिऱ्हाडांचे मजले, चौकोनात तारीख. अंक पोचला की निळी खूण, परत आला की तांबडी. शेवटच्या रकान्यात ‘स्थिती’: मुखपृष्ठ सुटले, तेलाचा डाग पान ४०, जाहिरातीचे पान कापले (कूपनसाठी). कार्तिकापासून माघापर्यंत हे अंक जिन्यातून वरखाली फिरत. ‘आवाज’मधल्या खिडकीच्या चित्रांच्या खिडक्या शेवटच्या घरी पोचेपर्यंत फाटून लोंबत असत. आणि माघात, सगळे अंक सगळ्यांचे वाचून झाले की, एका रविवारी आमच्याकडे सगळे जमत आणि कुठल्या अंकातली कथा चांगली यावर कडाक्याचं भांडण होई. सगळ्यांनी तेच वाचलेलं असल्यामुळे कोणाला थाप मारता येत नसे.

पण माटुंगा एकट्या मराठी माणसांचं कधीच नव्हतं. टायपिस्ट, स्टेनो, हिशेबनीस म्हणून दक्षिणेकडून आलेली कुटुंबं, त्यांच्या खाणावळी, देवळं, शाळा, इकडे कच्छी आणि गुजराती व्यापारी. आमच्या समोरच्या दारात तमिळ मामी राहत. माटुंगा मार्केटजवळ ‘आनंद विकटन’ आणि ‘कल्कि’चे अंक आले की त्यांचा मुलगा धावत घेऊन येई. दर आठवड्याची कादंबरीची पानं मामी हलक्या हातानं सोडवत, वर्षाअखेरी दाभणानं शिवत, जुन्या पातळाच्या काठाची पट्टी पाठीला लावत. ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कल्कींची कादंबरी १९५० ते १९५४ अशी चालली होती. तिचे त्यांनी शिवलेले खंड मी पाहिले आहेत. चित्रांसकट, मध्येच साबणाच्या जाहिरातींसकट. हे खंड नात्यातल्या आठ-दहा घरांत फिरून येत.

एकदा आई जिन्यात तांदूळ निवडत बसली होती आणि शेजारी ‘ययाति’ पालथं पडलं होतं. ते १९५९ सालचं पुस्तक; आमच्या हाती यायला वर्ष-दीड वर्ष गेलं असावं. मामींनी विचारलं, कोणाचं? आईनं सांगितलं, वि. स. खांडेकर. मामींचा चेहरा उजळला. “काण्डेकर? काण्डेकर तो हमारा है!” त्यांनी घरात जाऊन ट्रंकेतून तीन तमिळ पुस्तकं आणली. का. श्री. श्री. यांनी खांडेकरांच्या कादंबऱ्या तमिळमध्ये नेल्या आणि तिकडे त्या इतक्या वाचल्या गेल्या की पुष्कळ तमिळ घरांत खांडेकर हे आपलेच लेखक होऊन बसले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. मला ते जिन्यात कळलं. ‘ययाति’ तमिळमध्ये यायची वाट पाहायला मामी तयार नव्हत्या. त्यामुळे आई रोज दुपारी चारला एकेक प्रकरण त्यांना सांगू लागली, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. देवयानीचा राग सांगताना आई उठून उभी राहायची. मोबदल्यात मामींनी आईला ‘पोन्नियिन सेल्वन’मधली चोळांच्या राज्याची सगळी गोष्ट ऐकवली. माझ्या आईनं तमिळचं अक्षर कधी गिरवलं नाही, पण वंदियदेवन कोण हे ती शेवटपर्यंत सांगू शकत होती.

१९६४च्या जानेवारीत केशवराव कोठावळ्यांनी ‘ललित’ सुरू केलं. फक्त पुस्तकांबद्दल बोलणारं मासिक चालेल, यावर तेव्हा थोड्यांचाच भरवसा असावा. आमच्या वडिलांनी पहिल्या वर्षापासून वर्गणी भरली, ती मला वाटतं त्यांनी स्वतःसाठी केलेली एकमेव चैन. कोण काय लिहितंय, काय छापून आलंय, कोणाला काय आवडलंय, हे गिरगावातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर बोललं जाणारं सगळं ‘ललित’मुळे पोस्टानं माटुंग्यात, आणि माटुंग्यातच कशाला, तालुक्याच्या गावातल्या वाचनालयातही पोचू लागलं. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ नावानं ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर लिहीत, वसंत सरवटे त्याचं चित्र काढत. लेखकांच्या टोप्या उडवणारा हा माणूस कोण, यावर आमच्या वाङ्मयप्रेमी काकांनी पैजा लावल्या होत्या. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘चोखंदळ वाचकांची निवड’. वर्षात कुठली पुस्तकं आवडली हे वाचकांनी सांगायचं आणि ते छापून यायचं. समीक्षक आणि प्राध्यापक सोडून इतर माणसाच्या वाचनाला मराठीत असा मान त्याआधी फारसा मिळाला नव्हता.

ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करून मी १९७३ साली माटुंग्यातल्या एका महाविद्यालयात लागले. हा भाग महाविद्यालयांचा: व्हीजेटीआय १९२३ साली इथे आलं, रुईया १९३७चं, पोदार १९४१चं. रुईयात न. र. फाटक, वसंत बापट, विंदा करंदीकर, पुष्पा भावे यांनी वेगवेगळ्या काळात शिकवलं. सकाळी वर्गात सरांच्या तोंडून एखाद्या पुस्तकाचं नाव निघालं की दुपारी ते परिसरातल्या सगळ्या लायब्ररींत मागितलं जाई, आमच्याकडेसुद्धा. देवघेवीच्या खिडकीवर बसून मला दुपारी दीड वाजता सांगता येई की आज कुठल्या वर्गात काय झालं.

तेव्हा पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून खाकी कागदाचा खिसा असे, खिशात बुक कार्ड. वर दाखल क्रमांक, लेखक, नाव. खाली नेणाऱ्याची सही आणि तारीख. आपल्या आधी हे कोणी वाचलंय, ते पुस्तक उघडणाऱ्याला आपोआप दिसे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, तेव्हा आमच्या प्रतीचं कार्ड एका वर्षात दोन्ही बाजूंनी भरलं. त्यावर प्राचार्यांची सही आहे, तिच्याखाली प्रयोगशाळेतल्या हमालाची, तिच्याखाली बी.कॉम.च्या मुलीची. एक मुलगा पुस्तक परत करायला आला आणि कार्ड पाहायला मागितलं. वळणदार अक्षरात त्यानं सगळी नावं उतरवून घेतली. मी विचारलं, कशाला? म्हणाला, “बाई, हे वाचल्यावर कुणाशी तरी बोलायलाच हवं. यांनी वाचलंय ना.” त्या नावांपैकी पाच-सहा जण पुढे महिनाभर फाइव्ह गार्डन्सला जमत होते, हे त्यानंच मला सांगितलं.

कार्डाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. काही पुस्तकं सही करून नेणं मुलींना शक्य नसे. आपलं नाव त्याखाली कुणी वाचेल ही धास्ती. ती पुस्तकं कपाटांच्या मधल्या बोळात उभ्यानं वाचली जात. अशा वाचकांना मी कधी हटकलं नाही, उलट तिथला दिवा बदलून जास्त उजेडाचा लावून घेतला. संगणक आला, कार्डं गेली, तेव्हा या मुलींची सोय झाली, आणि ते योग्यच झालं. पण ‘बलुतं’वाल्या त्या मुलाची सोयही त्याच दिवशी गेली.

एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१चे. चौथा नियम सांगतो की वाचकाचा वेळ वाचवा. मी तो इमानानं पाळला. तरी आज मागे वळून पाहताना दिसतं की माझ्या भागातल्या वाचनाचा सगळ्यात जिवंत भाग त्या न वाचलेल्या वेळात घडला. नंबर लागेपर्यंतच्या आठवड्यांत, अंक वरच्या मजल्यावरून खाली येईपर्यंतच्या दिवसांत. पुस्तक हातात नसताना माणसं त्याच्याबद्दल जास्त बोलत.

ग्रंथालीनं हे नेमकं ओळखलं होतं, असं मला वाटतं. दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी १९७४च्या २५ डिसेंबरला ती सुरू केली, आणि स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणवता वाचक चळवळ म्हटलं. सभासद वाचकांच्या बळावर स्वस्तात पुस्तकं काढायची, गावोगाव नेऊन वाचकांना एकमेकांसमोर बसवायचं. ‘बलुतं’ त्यांचंच. आज ग्रंथालीचं कार्यालय माटुंगा पश्चिमेला टायकलवाडीत आहे, यशवंत नाट्यमंदिराच्या रस्त्यावर. नाटकाला जाताना तिथून गेलं की मला बरं वाटतं.

किंग्ज सर्कलच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय, म्हणून थोडक्यात. इंजिनिअरिंग आणि कॉमर्सची पुस्तकं वर्षाच्या सुरुवातीला घ्यायची, परीक्षा झाली की परत करून निम्मे-शिम्मे पैसे घ्यायचे, ही तिथली रीत पोरांना लायब्ररीपेक्षा परवडे. कथा-कादंबऱ्यांचे गठ्ठे यायचे ते घर बदलणाऱ्यांचे किंवा गेलेल्या माणसांचे. पहिल्या पानावर नाव, गल्ली, साल. एकाच हस्ताक्षरातली दहा पुस्तकं एकदम दिसली की काय झालं असेल ते समजे.

सर्वांनी एकच पुस्तक मागितल्याचं शेवटचं मला आठवतं ते सुनीता देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’च्या वेळचं, १९९० साली. त्यानंतर पैसा आला, दुकानं जवळ आली, आणि ज्याला जे हवं ते त्यानं विकत घेतलं. याचं मला दुःख नाही. मराठी माणसानं पुस्तक विकत घ्यावं म्हणून किती पिढ्यांनी घसा कोरडा केला.

दुःख आहे ते कागदांचं. मराठीत पुस्तकांचा इतिहास लिहिला गेला, वाचकांचा लिहायचा राहिला. कोणत्या साली, कोणत्या वस्तीत, कोणत्या वयाची माणसं काय वाचत होती, हे प्रकाशकांच्या वह्यांत सापडत नाही. ते सापडतं देवघेवीच्या नोंदवह्यांत, नंबर लावल्याच्या चिठ्ठ्यांत, बुक कार्डांत. वही भरली की आधी कपाटावर जाते, मग माळ्यावर, मग किलोच्या भावानं बाहेर. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. अनुदानासाठी तपासणी होते ती पुस्तकांची, वाचकांची संख्या पाहिली जाते, पण जुन्या देवघेवीच्या वह्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या ओळखीच्या एका वाचनालयात १९५८पासूनच्या वह्या परवापर्यंत होत्या. माळ्याला गळती लागली आणि त्या टेम्पोत घालून पाठवल्या गेल्या. मला कळलं तेव्हा टेम्पो निघून गेला होता.

गिरगावात, परळमध्ये, लालबागमध्ये, दादरला, आमच्याकडे, अजून कितीतरी जुनी वाचनालयं तग धरून आहेत. त्यांच्या कार्यवाहांना माझी विनंती आहे. वह्या ठेवायला जागा नसेल तर निदान पानांचे फोटो काढून ठेवा. सध्याच्या सभासदांची माहिती उघड व्हायला नको, म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या वह्यांपासून सुरुवात करा. मोबाइल आणि एखाद-दुसरा रविवार एवढंच लागतं. पानं उलटून धरायला माणूस हवं असेल तर मला बोलवा, मी येते.